श्रमाची भाषा आणि नागरिकत्वाची भाषा

१

परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या माणसाने नागरिकत्वासाठी अर्ज केला, म्हणजे आधुनिक राज्यसंस्था त्याच्याकडे सामान्यतः दोन गोष्टींचा पुरावा मागते. त्याला देशाची भाषा येते काय, ही पहिली. आणि तो स्वतःच्या कष्टावर जगतो काय, ही दुसरी. अर्जाच्या कागदावर या दोहोंचे रकाने निरनिराळे असतात, त्यांना जोडावयाची प्रमाणपत्रे निरनिराळी असतात, आणि त्यांची छाननीही स्वतंत्रपणे होते. त्यामुळे भाषा आणि श्रम या एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन पात्रता आहेत, असा समज सहजच रूढ होतो. हा समज कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी जर्मनीचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. त्याचे कारण असे, की परदेशी कामगारांच्या भाषेचा जेवढा सूक्ष्म शास्त्रीय अभ्यास जर्मनीत झाला तेवढा क्वचितच अन्यत्र झाला असेल. त्याच कामगारवर्गातून आलेल्या एका लेखिकेने जर्मन साहित्यात मान्यतेचे स्थान मिळविले. आणि २०२४ साली तेथील कायद्यानेच, मर्यादित अर्थाने का होईना, आपल्या कसोटीतील उणीव मान्य केली. कायदा, शास्त्र आणि साहित्य या तिन्ही साक्षी एकत्र ठेवून वाचल्या असता प्रश्नाचे स्वरूप पुष्कळसे स्पष्ट होते.

२

प्रथम कायद्याची भाषा पाहू. जर्मन नागरिकत्व कायद्याचे मूळ १९१३ सालचे आहे. १ जानेवारी २००० आणि २७ जून २०२४ या दिवशी अमलात आलेल्या दुरुस्त्यांनी त्याचे रूप बरेच पालटले. आज त्याच्या दहाव्या कलमानुसार पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य, स्वतःचा व कुटुंबाचा चरितार्थ सरकारी निर्वाहसाहाय्यावाचून चालविण्याची ऐपत, आणि जर्मन भाषेचे ‘पुरेसे’ ज्ञान या प्रमुख अटी आहेत. याखेरीज तेहतीस प्रश्नांची एक नागरिकत्व-परीक्षा २००८ पासून आहे. तीत सतरा उत्तरे बरोबर यावी लागतात. ‘पुरेसे’ या विशेषणाची व्याख्याही कायद्याने करून ठेवली आहे. ती म्हणजे युरोपीय भाषा-श्रेणीतील बी-१ ही पायरी, आणि तीही तोंडी व लेखी अशा दोन्ही अंगांनी.

या श्रेणीचा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. १९७५ साली व्हान एक यांनी युरोप परिषदेसाठी ‘उंबरठा-पातळी’ ही कल्पना मांडली. परभाषिक समाजात नित्याचे व्यवहार करू इच्छिणाऱ्या प्रौढ माणसाला किमान काय बोलता आले पाहिजे, याची ती मोजदाद होती. शिकणाऱ्याला आपले गंतव्य कळावे आणि शिकविणाऱ्याला आपला अभ्यासक्रम आखता यावा, हा तिचा हेतू. या कल्पनेचाच विस्तार होऊन २००१ मध्ये परिषदेची सहा पायऱ्यांची सामाईक श्रेणी प्रसिद्ध झाली आणि उंबरठ्याला बी-१ हे नाव मिळाले. पुढे निरनिराळ्या राष्ट्रांनी ती श्रेणी उचलून नागरिकत्वाच्या दाराशी नेऊन ठेवली. ज्या उंबरठ्यावरून शिकणाऱ्याने आत यावे अशी कल्पना होती, त्याच उंबरठ्यावर आता त्याला थोपवून धरता येऊ लागले. साधन तेच राहिले आणि त्याचे प्रयोजन पालटले. भाषा-परीक्षांच्या सामाजिक अंगाची चर्चा करणाऱ्या टिम मॅक्नमारा आणि एलाना शोहामी यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पालटावरच बोट ठेवले आहे. त्यांच्या विवेचनाचा इत्यर्थ असा, की परीक्षा काय मोजते एवढे विचारून भागत नाही. त्या मोजण्यावर कोणते निर्णय उभारले जातात, हेही विचारावे लागते.

२०२४ च्या दुरुस्तीने चरितार्थाची अट अधिक कडक केली. पूर्वी एखाद्याला स्वतःचा दोष नसताना निर्वाहसाहाय्य घ्यावे लागले असेल, तर ते त्याच्या आड येत नसे. ही सर्वसाधारण सवलत आता गेली असून तिच्या जागी ठराविक अपवाद आले आहेत. गेल्या चोवीस महिन्यांपैकी वीस महिने पूर्णवेळ नोकरी केलेला माणूस हा त्यांपैकी एक. अशा नोकरदाराबरोबर आणि अल्पवयीन अपत्यासह राहणारा जोडीदार हा दुसरा. तिसरा अपवाद आहे तो जुन्या ‘पाहुण्या कामगारां’चा, म्हणजे ३० जून १९७४ पर्यंत करारान्वये पश्चिम जर्मनीत आलेल्यांचा, आणि १३ जून १९९० पर्यंत पूर्व जर्मनीत आलेल्या करारबद्ध कामगारांचा. या तिसऱ्या वर्गासाठी भाषेची अटही सौम्य करण्यात आली. रोजच्या जीवनात विशेष अडचण न येता तोंडी व्यवहार करता आला, म्हणजे पुरे. लेखी परीक्षा नको आणि नागरिकत्व-परीक्षाही नको.

या एका अपवादात कायद्याने दोन वेगळे रकाने नकळत एकत्र आणले. ज्यांनी श्रम केले त्यांना भाषा शिकण्यास अवसर मिळाला नाही, हे त्यात गृहीत आहे. तसे नसते, तर श्रमाच्या इतिहासावरून भाषेची अट शिथिल करण्याला काही अर्थच उरला नसता.

३

हे गृहीत शास्त्रीय कसोटीला उतरते काय? पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन व ग्रीस यांच्याशी आणि ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले. नोव्हेंबर १९७३ मध्ये ही भरती थांबली. तुर्कस्तानशी झालेल्या पहिल्या करारात मुक्कामाची मुदत दोन वर्षांची होती. १९६४ मध्ये ती मर्यादा काढण्यात आली. येणारा माणूस परत जावयाचाच आहे, अशी कल्पना असल्यामुळे त्याला भाषा शिकविण्याची निकड कोणालाच भासली नाही. काही भाषावर्ग चालत असत, हे खरे. परंतु नवागताचा हक्क आणि त्याचे कर्तव्य अशा दुहेरी स्वरूपात सहाशे तासांचे भाषाशिक्षण कायद्याने आले, ते २००५ मध्ये.

मधल्या काळात कामगार जे जर्मन बोलू लागले त्याकडे भाषाशास्त्रज्ञांचे लक्ष गेले. मायकेल क्लाइन यांनी १९६८ मध्ये या भाषेवर लेख लिहून तिला ‘पिजिन-जर्मन’ म्हटले. उपपदे गळालेली, क्रियापदे विकाररहित मूळ रूपात, नकारासाठी सर्वत्र ‘निक्स’ हा एकच शब्द, अशी तिची काही लक्षणे. या संदर्भात चार्ल्स फर्ग्युसन यांनी वर्णिलेली परकीयांशी बोलण्याची खास लकबही विसरता येत नाही. समोरच्याला भाषा येत नाही असे दिसताच भाषिक स्वतःच आपली भाषा मोडून बोलू लागतो. मुकादम कामगाराशी मोडके जर्मन बोलत असे; कामगार जे ऐके तेच उचलत असे; आणि पुढे तेच त्याच्या अज्ञानाचे गमक ठरत असे. ही भाषा खरोखर पिजिन आहे काय, याबद्दल नंतर मतभेद झाले. प्रत्येक शिकणारा आपापली वाट काढत असतो, सर्वांची मिळून स्थिर झालेली अशी एक भाषा तेथे नाही, हा आक्षेप रास्तच होता.

१९७० च्या दशकात हायडेलबर्ग येथे वोल्फगांग क्लाइन, नॉर्बर्ट डिटमार आणि त्यांचे सहकारी यांनी अठ्ठेचाळीस स्पॅनिश व इटालियन कामगारांच्या बोलण्याचा अभ्यास केला. वाक्यरचनेची प्रगती कोणत्या सामाजिक घटकांशी निगडित आहे, हा त्यांचा प्रश्न होता. सर्वांत निकटचा संबंध दिसला तो फावल्या वेळात जर्मन माणसांशी येणाऱ्या संपर्काचा. त्याखालोखाल आगमनसमयीच्या वयाचा आणि कामाच्या जागी येणाऱ्या संपर्काचा. केवळ किती वर्षे देशात काढली, यावरून मात्र फारसे काही सांगता येत नव्हते. नागरिकत्वाचा कायदा वर्षे मोजतो आणि कामाचे महिने मोजतो. जर्मन शेजाऱ्याशी संध्याकाळी दोन शब्द बोलण्याची संधी कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, हे त्याच्या मोजपट्टीवर येतच नाही. आणि भाषा तर मुख्यत्वे तेथेच घडते.

पुढे १९८० च्या दशकात युरोपीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या आश्रयाने पाच देशांत असाच पण अधिक विस्तृत अभ्यास झाला. इंग्लंडात आलेले पंजाबी भाषकही त्यात होते. क्लाइन आणि क्लाइव्ह पर्ड्यू यांनी १९९७ मध्ये त्याचे जे निष्कर्ष मांडले, त्यांत ‘पायाभूत बोली’ ही संकल्पना मध्यवर्ती आहे. मातृभाषा कोणतीही असो आणि शिकावयाची भाषा कोणतीही असो, वर्गाबाहेर आपल्या आपण शिकणारे प्रौढ एका विशिष्ट टप्प्यावर जवळजवळ सारख्याच घडणीची भाषा बोलू लागतात. तीत प्रत्यय नसतात, काळ क्रियाविशेषणांनी दाखविला जातो, कर्तृत्व ज्याकडे तो शब्द आधी येतो आणि नवी माहिती शेवटी. अभ्यासलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक याच टप्प्यावर स्थिरावले. त्यांचा शब्दसंग्रह वाढत गेला. व्याकरण वाढले नाही.

या संशोधनाचे महत्त्व असे, की ज्या बोलण्याला लोक ‘मोडके’ म्हणतात त्याला स्वतःचे नियम आहेत, हे त्याने दाखवून दिले. परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. पायाभूत बोली नियमबद्ध आहे म्हणून ती सर्व प्रयोजनांना पुरेशी आहे, असे होत नाही. तिच्यात गिरणीतला दिवस सांगता येतो. घरमालकाच्या नोटिशीला उत्तर देणे, डॉक्टरापुढे दुखण्याचे बारकावे मांडणे किंवा मजूर संघाच्या सभेत प्रतिवाद करणे कठीण जाते. कामगाराच्या बोलीचे गुणगान करून त्याला तिच्यातच ठेवणे, हाही एक प्रकारचा तिरस्कारच ठरेल.

४

शास्त्र ज्याला टप्पा म्हणते त्याचा आतून घेतलेला अनुभव साहित्यात सापडतो. एमिने सेव्गी ओझ्दामार यांचा जन्म १९४६ साली तुर्कस्तानातील मालात्या येथे झाला. १९६५ मध्ये त्या कारखान्यात काम करण्यासाठी बर्लिनला आल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सुवर्णशृंगावरील पूल’ या त्यांच्या जर्मन कादंबरीची तरुण निवेदिका याच वाटेने येते आणि रेडिओचे दिवे तयार करण्याच्या कारखान्यात लागते. उजव्या डोळ्याला भिंग लावून चिमट्याने बारीक तारा बसवीत राहणे, हे तिचे काम. डोळा, बोटे आणि श्वास यांना त्यात क्षणाची उसंत नाही. जिभेला मात्र काहीच काम नाही. मधे बोलण्यासाठी दुभाषी बाई आहेच. श्रमातून भाषा का येत नाही, याचे याहून नेमके चित्र शोधून सापडणे कठीण.

दुकानात गेल्यावर या मुली कॉफी पिण्याचा अभिनय करून साखर मागतात, जीभ बाहेर काढून मीठ मागतात आणि कोंबडीचा आवाज व आविर्भाव करून अंडी मागतात. राहण्याच्या वसतिगृहाला जर्मनमध्ये ‘वोनहाइम’ म्हणतात. यांच्या तोंडी त्याचे ‘वोनायम’ होते आणि कादंबरीभर तो शब्द तसाच राहतो. निवेदिका वर्तमानपत्रांचे मथळे अर्थ न कळता पाठ करते आणि कोणी काही विचारले, की त्यांतलाच एखादा उत्तरादाखल म्हणून दाखविते. प्रसंग विनोदी आहे खरा. पण त्याच्या तळाशी भाषाशास्त्राचे एक सत्य आहे. वाक्य अचूक आहे, उच्चार चालण्यासारखा आहे, व्याकरणात खोट काढता येत नाही. आणि तरीही संभाषण मुळीच घडत नाही. अचूकता आणि संवाद यांची फारकत दाखविणारा हा प्रसंग कोणत्याही भाषा-परीक्षकाने लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

वसतिगृहाजवळ युद्धात उद्ध्वस्त झालेले एक जुने रेल्वेस्थानक आहे. ‘मोडलेला’ आणि ‘दुखावलेला’ या दोन्ही अर्थांना तुर्की भाषेत एकच शब्द असल्यामुळे मुली त्याला दुखावलेले स्थानक म्हणतात. ‘मन मोडणे’ हा प्रयोग ज्याच्या भाषेत आहे त्या मराठी वाचकाला यातील संक्रमण सांगावे लागत नाही. कमी जर्मन येणाऱ्या या मुलींनी जर्मन भाषेला येथे एक नवी अर्थच्छटा दिली आहे. पुढे याच वृत्तीतून ओझ्दामार यांची शैली घडली. त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाचे नाव ‘मुटर्त्सुंगे’ (१९९०). मातृभाषेसाठी रूढ असलेला जर्मन शब्द बाजूस सारून त्यांनी ‘मातृजिव्हा’ असा शब्द योजला, कारण तुर्कीत जीभ आणि भाषा यांना एकच शब्द आहे. प्रमाण जर्मनच्या दृष्टीने जे स्खलन, तेच त्यांच्या हाती साधन झाले. याच शैलीने त्यांना १९९१ मध्ये बाखमान पुरस्कार आणि २०२२ मध्ये ग्योर्ग ब्युखनर पुरस्कार मिळवून दिला. जर्मन साहित्यविश्वाचा सर्वोच्च सन्मान ज्या स्खलनांना लाभला, तशीच स्खलने परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गुण घटवितात. साहित्यिकाची जाणीवपूर्वक केलेली मोडतोड आणि शिकणाऱ्याची अगतिक चूक या एकच नव्हेत, हे उघड आहे. पण दोहोंचा उगम एकाच स्थितीत आहे, हेही नाकारता येत नाही.

या कादंबरीचा गौरव करताना समीक्षेने एक गोष्ट बहुधा दुय्यम मानली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तीच मध्यवर्ती ठरते. निवेदिकेला जर्मन येते ते कारखान्यात नव्हे. बोडेन सरोवराकाठी ग्योथे संस्थेच्या वर्गात ती भाषा शिकते आणि त्यासाठी पैसे पुरवितो तो तिचा तुर्कस्तानातील बाप. परत आल्यावर ती स्वतःच एका कामगार वसतिगृहात दुभाषी होते. म्हणजे भाषेसाठी तिला श्रमातून मोकळे व्हावे लागले, आणि ते मोकळेपण विकत घेण्याइतकी ऐपत घरी होती. तिच्याबरोबर भिंग लावून बसलेल्या इतर बायकांना ती नव्हती. नाटकाची ओढ असलेली, वाचनाची सवय असलेली ही मुलगी त्या वर्गाची प्रातिनिधिक व्यक्ती नव्हे. आणि लेखिकेने तसा दावाही केलेला नाही. त्या बायका तेथेच राहिल्या असतील, तर साठ वर्षांनंतर नागरिकत्वाच्या अर्जावर त्यांनी कोणते प्रमाणपत्र जोडावयाचे? २०२४ च्या अपवादाला खरा अर्थ प्राप्त होतो तो याच प्रश्नाने.

५

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो हलका मानता येणार नाही. नागरिकाने मतदान करावयाचे, कायदे समजून घ्यावयाचे, आपल्या हक्कांसाठी भांडावयाचे. त्याला देशाची भाषा नको काय? शिवाय भाषेची अट नसेल तर शिकण्याची प्रेरणाच नाहीशी होईल आणि विशेषतः घरात अडकलेल्या स्त्रिया कायमच्या तेथेच राहतील. या आक्षेपाचा पूर्वार्ध मान्यच केला पाहिजे. पायाभूत बोलीच्या मर्यादा वर सांगितल्या, त्याच त्याला आधार देतात. भाषेच्या प्रत्येक कसोटीमागे कपटच असते, असेही नाही. ऑस्ट्रेलियात १९०१ पासून १९५८ पर्यंत नको असलेल्या माणसाला हव्या त्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालून परत पाठविता येत असे. तेथे परीक्षा हे निव्वळ निमित्त होते. आजच्या जर्मन परीक्षेला त्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. तिच्यामागे भाषावर्ग आहेत, तिचा अभ्यासक्रम जाहीर आहे आणि ती उत्तीर्ण होण्यासारखी आहे.

परंतु आक्षेपाच्या उत्तरार्धात एक गफलत आहे. अट असली म्हणजे शिक्षण घडते, असे तो धरून चालतो. हायडेलबर्गचा पुरावा सांगतो, की शिक्षण घडते ते संपर्काने, आणि ओझ्दामार यांची कादंबरी सांगते, की ते मोकळ्या वेळाने घडते. चरितार्थाची अट जसजशी कडक होते तसतसा हा मोकळा वेळ आटतो. चोवीस महिन्यांपैकी वीस महिने पूर्णवेळ राबून अपवादाला पात्र ठरू पाहणारा सफाई कामगार संध्याकाळी लेखनाच्या परीक्षेची तयारी केव्हा करणार? एक अट पुरी करण्याचा मार्ग दुसरी अट अवघड करतो. ज्याचे काम बोलण्याचे आहे त्याला हा पेच जाणवत नाही. ज्याचे काम मुक्याने करावयाचे आहे त्यालाच तो जाणवतो. म्हणून अटी सर्वांना सारख्या असल्या, तरी त्यांचा भार सारखा नाही.

कायद्याने हा पेच ओळखला, पण तो एका पिढीपुरता. १९७४ ची तारीख ओलांडली की तो दिसेनासा होतो. त्यानंतर आलेल्यांसाठी कठोर प्रसंग टाळण्याची एक तरतूद आहे. प्रामाणिक व दीर्घ प्रयत्न करूनही भाषा साधली नाही, असे सिद्ध करणाऱ्याला तोंडी ज्ञानावर सूट देता येते. ती देणे न देणे मात्र अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे आणि सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. जुन्या कामगाराला जे हक्क म्हणून मिळाले ते नव्या कामगाराने विनंती करून मागावयाचे आहे. दोघांच्या हातांतील काम सारखेच असेल, तर या भेदाला तारखेपलीकडे आधार उरत नाही. कृतज्ञता म्हणून दिलेली सवलत आणि न्याय म्हणून स्वीकारलेले तत्त्व यांतील अंतर येथे दिसून येते.

६

हा प्रश्न परक्यांचाच आहे असे समजण्याचे कारण नाही. भारतीय नागरिकत्व कायद्याच्या (१९५५) तिसऱ्या अनुसूचीत परदेशीयास नागरिकत्व देताना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे, अशी अट आहे. आठव्या अनुसूचीत आज बावीस भाषा आहेत. कोणतीही एक पुरते. म्हणजे केवळ मराठीच्या बळावरही भाषेची ही अट पुरी होऊ शकते. अनेक भाषांपैकी एकीला मान्यता देणारी ही तरतूद जर्मन कायद्याहून उदार आहे, हे निःसंशय. परंतु ‘पुरेसे’ हे विशेषण येथेही आहे आणि अधिनियमाने त्याची पायरी सांगितलेली नाही. मराठीच्या बाबतीत ती सांगावयाची झाली, तर कोणती मराठी, बोलण्याची की लिहिण्याची, कोणत्या प्रयोजनासाठी आणि कोणाच्या कसोटीवर, हे प्रश्न मराठीच्या अभ्यासकांपुढेच येतील. परभाषक प्रौढ माणूस गिरणीत, बांधकामावर किंवा बाजारात ज्या टप्प्यांनी मराठी बोलू लागतो, त्यांचा हायडेलबर्गच्या तोडीचा अभ्यास होणे म्हणूनच अगत्याचे आहे. मोजपट्टी आधी आणि मोजावयाच्या वस्तूचे ज्ञान मागाहून, असा क्रम युरोपात काही अंशी घडून गेला. येथे तो टाळता येण्यासारखा आहे.

जर्मन उदाहरणावरून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. भाषेची अट ठेवणे गैर नाही. पण ती ठेवताना तोंडी आणि लेखी ज्ञान यांची फारकत सर्वच श्रमिकांसाठी झाली पाहिजे, कारण ती दोन्ही निरनिराळ्या परिस्थितीत येतात. श्रमाची अट ठेवावयाची असेल, तर भाषा शिकण्याला दिलेला काळही श्रमाच्या हिशेबात धरला पाहिजे. आणि १९७४ पूर्वी आलेल्यांना ज्या कारणाने सूट मिळाली, ते कारण ज्याच्या ज्याच्या बाबतीत लागू पडते त्याला ती तारखेकडे न पाहता मिळाली पाहिजे. भिंग लावून तारा बसविणाऱ्या त्या मुली कारखान्यात आपले डोळे देत होत्या. त्याच तासांत जीभही कमवा, असे त्यांना तेव्हा कोणी म्हटले नव्हते. आज त्यांच्या जागी जे आहेत त्यांना मात्र ते म्हटले जात आहे.